तिसऱ्या डब्याचं मागचं दार

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी धाकट्याने रेल्वेचे चार छोटे डबे ताईच्या नमुने कापायच्या टेबलावर ठेवले आणि बसायच्या आधीच विचारले, "तिसऱ्याचं मागचं दार नेमकं कसं बंद केलं होतं तुम्ही?"

बावीस वर्षांत भाऊ तिच्याशी बोलला नव्हता. बोलला तो असा, परक्या बाईशी बोलावे तसा.

वीतभर लांबीचे ते डबे बाजारात तयार मिळणारे होते. कुठल्याच खऱ्या गाडीशी ते जुळत नसत. कापून, भरून, घासून त्यांतून खरोखर धावलेली गाडी काढायची, हा धाकट्याचा व्यवसाय. यावेळचे काम स्मारकाचे होते. बावीस वर्षांपूर्वी आगीत सापडलेली संध्याकाळची पॅसेंजर, त्या दिवशी होती अगदी तशी, काचेच्या पेटीत मांडायची होती. उद्घाटन बुधवारी होते.

तिसऱ्या डब्यातली अकरा माणसे मागच्या दारापाशी सापडली होती. डब्यात सामानासाठी फळ्यांची भिंत घातली तेव्हा ते दार कायमचे बुजवले गेले होते, आणि हे प्रवाशांना ठाऊक नव्हते. त्या अकरा जणांत धाकट्याची बायको होती. लग्नाला पाच महिने झाले होते.

ती भिंत घालणाऱ्या रेल्वे वर्कशॉपचे फोरमन म्हणजे दोघांचे बाबा, आणि भिंतीच्या ड्रॉइंगवर सही होती तिथल्याच आरेखक मुलीची, ताईची. ड्रॉइंगप्रमाणे काम केले म्हणून चौकशीत बाबा सुटले. ताईची नोकरी गेली, मागोमाग ठरलेले लग्नही गेले. तेव्हापासून ती शिंप्यांना कागदी नमुने कापून देत होती आणि बाबांना सांभाळत होती. धाकटा दुसरीकडे राहायला गेला. दर रविवारी तो बाबांना कोपऱ्यावरच्या बाकावर भेटे, घराची पायरी मात्र चढत नसे. आज चढला, कारण तो डबा तिच्याइतका कुणालाच माहीत नव्हता.

दुपारपर्यंत काम चालले. त्याने दोन खिडक्या बुजवल्या, छतावरची झडपे हलवली, पायरी कापली. दाराच्या जागी प्लास्टिकची पातळ पट्टी बसवून तो तिच्यावर फळ्यांच्या रेघा ओढू लागला, तेव्हा ती हळूच म्हणाली की फळ्या आडव्या नव्हत्या, उभ्या होत्या.

"पाठ आहे की सगळं," तो मान वर न करता म्हणाला. "गुण द्यायला हवेत."

आतल्या खोलीचे दार नेहमीसारखे सताड उघडे होते. आगीनंतर बाबांनी ते कधी लावूच दिले नव्हते. आतून त्यांच्या काठीचा टकटक आवाज येत होता. तिसरा डबा झाला का, असे त्यांनी सकाळपासून तीनदा विचारले होते.

तीन वाजता धाकट्याने पिशवीतून फोटो काढला. दुरुस्त होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डब्याचा वर्कशॉपात फोटो घेत, शेजारी तारखेची पाटी धरून. या फोटोत पाटी बाबांनी धरली होती, आणि मागचे दार फळ्यांनी बुजलेले स्वच्छ दिसत होते.

"फोटो चार तारखेचा. तुमचं ड्रॉइंग तेरा तारखेचं," तो म्हणाला. "ड्रॉइंग निघायच्या नऊ दिवस आधी दार कसं बुजलं?"

"पाटीवरची तारीख चुकली असेल."

"अक्षर बाबांचं आहे. बाबांची तारीख चुकते?"

आतली टकटक थांबली.

डबा आधी, कागद मागून, ही बाबांची पद्धत. कागदावर गाडी धावत नाही, असे ते हसत म्हणत. ती भिंतही त्यांनी स्वतःच्या तोंडी हुकमावर घातली होती, ड्रॉइंगशिवाय. चौकशीच्या आदल्या दुपारी तिने ड्रॉइंग बनवले, सही केली आणि रजिस्टरात डबा सोडल्याची जी तारीख होती तीच टाकली. रजिस्टरही नऊ दिवस मागून भरलेले असणार, एवढेच तिच्या लक्षात आले नाही... घरच्या माणसाची सवय, आणि तीच ती विसरली!

तिने त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेले आणि दार लोटले. मग सगळे सांगितले, खालच्या आवाजात, भिंतीकडे पाहत.



"मी बावीस वर्षं त्यांच्या खांद्यावर रडलोय," तो ओट्याला टेकत म्हणाला.

"म्हणूनच. त्या आठवड्यात तू फक्त त्यांच्या हातून घास घेत होतास. बायको गेली, आता बापही जायला नको... बहीण गेली तर जगला असतास तू. जगलासच की."

त्याने तोंडावर हात दाबला. खांदे हलत राहिले. तिने पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा त्याने पेला न घेता तिचे मनगट धरले.

"त्यांना काही विचारू नकोस," ती म्हणाली. "थकलेत फार. तो फोटो फाडून टाक."

"ही प्रत आहे. मूळ फोटो मी काल स्मारकात देऊन आलो. पेटीशेजारी लागणार आहे, तुमच्या ड्रॉइंगच्या बाजूला." त्याने तिचे मनगट सोडले. "आज सकाळी बाकावर बाबांनाही दाखवला. म्हटलं, आवडेल त्यांना."

ती धावतच बाहेर आली. तीन वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. तिसरा डबा टेबलावर आडवा पडला होता. दाराच्या जागी बसवलेली पट्टी कुणीतरी आतून बोट घालून ढकलून काढली होती आणि तिथे नखाएवढे मोकळे भोक होते. पट्टी टेबलावर नव्हती, खालीही नव्हती.

आतल्या खोलीचे दार बंद होते. आतून कडी.

धाकट्याने दोनदा हाक मारली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काठी फरशीवर पडली. त्यानंतर काही नाही. त्याने खांद्याने धक्के दिले. दार बाबांनी स्वतःच्या हाताने बसवलेले होते, ते हलले नाही.

"ताई," तो ओरडला, "पहार कुठं ठेवलीस?"

या एका हाकेसाठी तिने बावीस वर्षे काढली होती. ती आली, आणि ऐकत उभे राहायला सवड नव्हती.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी पहार फटीत बसली. दोघांनी मिळून जोर लावला. कडी अजून निघालेली नव्हती.