उसनं व्हिनेगर

"आज व्हिनेगर नाही मिळालं, तर बाहेर बसलेल्या सगळ्या बाया घरी जातील. आणि परत यायच्या नाहीत, कासुबा!" म्विला सिस्टर म्हणाल्या, आणि बायकांना तपासणीला बोलावून आणणारी मी दवाखान्यातून आमच्या मान्सा गावच्या बाजाराकडे धावत सुटले.

तिथल्या दोन्ही दुकानांत नव्हतं. कोपऱ्यावर मात्र नवाच एक जण बटाट्याचे चिप्स तळत होता, आणि त्याच्या फळीवर एक न उघडलेली बाटली!

"ती बाटली द्या."

"चिप्स न घेता? व्हिनेगर नुसतंच पिता की काय?"

"दवाखान्यात हवंय. बायकांच्या तपासणीला."

त्याचा झारा हवेतच राहिला. "व्हिनेगरनं… तपासणी?"

"गर्भाशयाच्या तोंडाला लावतात. खराब जागा असली तर पांढरी दिसते. तेवढीच शेकून टाकली, की पुढचा कॅन्सर टळतो. आमच्यासारख्यांना तो लवकर गाठतो, म्हणून—"

"आमच्यासारख्यांना म्हणजे?"

इथं पुष्कळांची नजर खाली जाते. मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "एचआयव्ही असणाऱ्यांना. मी रोज गोळी घेते."

त्यानं झारा खाली ठेवला, म्हणाला, "जेवून घेता ना?"

"काय?"

"गोळी हो. वाळक्या दिसताय." त्यानं गरम चिप्स कागदात बांधून बाटलीसोबत माझ्या हातात ठेवले. "बाटली उसनी. परत द्यायला यावं लागेल."

"रिकामी होईल ती."

"होऊ दे. मला बाटलीचं काय करायचंय?"

दवाखान्यापर्यंत माझे पाय जमिनीला लागले नसावेत!

त्याचं नाव चिसेंगा. साम्फ्याच्या तळ्याकाठचा. रविवारी बघते तर आमच्याच चर्चमध्ये ढोलावर बसलेला! बाटली परत केली. मग त्याच्या फळीवर पिशवी विसरले… मग ती आणायला गेले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. गिऱ्हाईक बाई आली, की तो आधी विचारायचा, "तपासणी झाली का? मग चिप्सवर मीठ जास्त!"

आमचे पाद्री कालुम्बा प्रवचन सांगत नाहीत, गातात. ते एक ओळ सोडतात, आम्ही झेलतो, आणि अशा वेळी देव छपरावर नसतो, आमच्यातच पाय आपटत असतो. माझं सगळं बरंवाईट त्या गाण्यानंच सावरलंय. एका रविवारी त्यांनी कसाव्याच्या, आमच्या रोजच्या खाण्यातल्या कंदाच्या, शेताचं गायलं. पेरलं, राखलं, पण तण आहे का ते वाकून पाहिलंस का?

"शेत पाहिलंस का, माय?"

"पाहिलं, पाहिलं!" बायका गर्जल्या.

बायकांचा आवाज उचलून धरणारी मीच. आणि त्या ओळीला मीच मधे थांबले.

चर्च सुटल्यावर तो जवळ आला. "आज तुझं गाणं अर्धंच आलं."

"घसा बसलाय."

"बाजारात तर चांगला चालतो. सगळ्यांना तपासणीला ढकलतेस. तू कधी गेलीस?"

मी पायानं माती उकरत राहिले. इतक्या जणींचा हात धरला, पण त्या पलंगावर स्वतः कधी चढले नव्हते.

"आई त्यातच गेली, चिसेंगा. मला… बघायचंच नाही काय निघतं ते."

त्यानं थट्टा केली नाही. "मी बाहेर बाकावर बसतो," एवढंच म्हणाला.

आणि खरंच बसला! वीस बायकांत एकटा पुरुष.

"काय चिप्सवाले, तुमचाही नंबर आहे वाटतं?"

"माझं काळीज आत गेलंय, मावशी. ते परत यायची वाट बघतोय."

आतपर्यंत तो हशा ऐकू आला. सिस्टर वाकल्या. थांबल्या. "आहे गं, छोटंसं पांढरं आहे. आत्ताच शेकू." थोडं पोटात कळ आल्यासारखं झालं… आणि संपलंसुद्धा. "महिनाभर नवऱ्याला लांब ठेव. वर्षानं पुन्हा ये."

"मला कुठला नवरा, सिस्टर!"

"मग बाहेर बसलाय तो कोण?"

बाहेर येऊन मी त्याला म्हटलं, "झालं." काय निघालं ते सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात त्याचे मामा मागणी घेऊन आमच्या दारी आले. पांढऱ्या फडक्यात थाळी, तिच्यावर उपडी दुसरी थाळी. ती उघडली तर होकार, तशीच परत गेली तर नकार. आईमागे मला वाढवणाऱ्या आत्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "या मुलाला ओळखतेस का गं?"

"थांब, आत्या," म्हणून मी परसात पळाले. रीतीप्रमाणे त्यानं यायचं नसतं. पण हा कुंपणापलीकडे उभाच!

"पांढरं निघालं होतं, चिसेंगा. सिस्टरनं शेकलं. पण पुन्हा होऊ शकतं. जन्मभर तपासत राहावं लागेल. उद्या आईसारखं झालं, तर? तुला हे माहीत नसताना तुझी थाळी कशी उघडू?"

तो कुंपणाची काडी मोडत राहिला… "आईला कुणी वेळेवर पाहिलं असतं तर?"

"वाचली असती कदाचित."

"मग दरवर्षी बाकावर बसायचं. एवढंच ना?"

"लोक हसतील."

"हसलेली माणसं चिप्स जास्त खातात."

"आणि… अजून महिनाभर…"

"सिस्टरनी मला बाकावर बसल्या बसल्याच सगळ्यांदेखत बजावलंय," तो कान खाजवत म्हणाला. "मला वाटलं, सगळ्यांनाच सांगतात!"

मी हसले, आणि हसता हसता रडले. देवा, आईला जे मिळालं नाही ते तू मला दिलंस. वेळ दिलास, बघणारे डोळे दिलेस, आणि बाहेर वाट बघणारा हा माणूसही दिलास. काय म्हणून दिलंस, तुझं तुलाच माहीत!

आत धावले, ती थेट थाळीपाशी. "ओळखते, आत्या!" म्हणत वरची थाळी स्वतःच उचलली.

"अगं, ती आम्ही उघडायची असते! एवढी कसली घाई? जरा थांबावं माणसानं!"

"थांबायचंय ना, आत्या," मी म्हटलं, "पुढचा महिनाभर."