लांबच्या तळ्यावरची खूण

अलास्काच्या पार उत्तरेला, जिथं झाड औषधालाही सापडत नाही अशा दलदलीत, शैलाबाई एक लिव्हरवर्ट शोधायला आल्या होत्या. शेवाळाची चुलत बहीण म्हणा. नखाएवढी, तपकिरी, फार दुर्मीळ. ती दिसेल तिथं नकाशावर खूण करायची, एवढंच काम.

बाई अमेरिकेतल्याच नोव्हाय गावच्या. घरी भिंग घेऊन एकट्याच शिकल्या, आणि ते येताजाता ऐकवायच्याही. सोबतचा देवांग म्हणाला होता, "मावशी, लांबचं तळं मी कव्हर करतो ना, तुम्ही रेस्ट घ्या."

"म्हातारी दिसते का रे तुला?" म्हणत बाई काठी टेकत निघाल्या.

अर्ध्या वाटेत गुडघा वळेना. बाई तिथंच बसल्या. बसल्या जागेवरून नकाशात तळ्याच्या काठी खूण केली, आदल्या दिवशी दुसरीकडे सापडलेल्या लिव्हरवर्टचाच तुकडा नव्या पाकिटात घातला, आणि परतल्या.

"आहे तिथं. भरपूर."

दुसऱ्या दिवशी देवांग फोटो काढायला गेला. नको म्हणायला बाईंना कारण सुचेना. तो आला तो हसतच.

"मावशी, मानलं तुम्हाला. सगळा काठ भरलाय."

त्यानं फोन पुढे केला. चिखलात बुटांचे ठसे, बाजूला काठीची भोकं, उजवी टाच ओढलेली. बाईंचीच चाल.

आता तरी खरं सांगावं... पण बाईंनी फोन त्याला परत दिला.

"ठसे पाण्यात जातात फक्त. परत कुठून आलात?"

"पलीकडून," बाई म्हणाल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

संध्याकाळ झाली ती घड्याळात. तिथला उन्हाळी सूर्य मावळतच नाही. ऊन आडवं पसरलेलं. वारा पडला. डासांची गुणगुण थांबली. कुजक्या मातीचा गार वास तंबूपर्यंत आला, आणि त्यामागून, तळ्याकडून, हाक.

"देवांग... गुडघा वळत नाही रे... बाहेर काढ मला..."

देवांग उभा राहिला. "मावशी... हा तर तुमचाच आवाज..."

कालपासून बाईंच्या घशात अडकलेलं वाक्य पाण्यावरून जसंच्या तसं येत होतं. हो म्हणावं, तर सगळंच सांगावं लागणार. बाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"पक्षी आहे. बस खाली."

हाक पुन्हा आली, या वेळी बुडबुड्यांतून. मग थांबली.

बाईंना ठसका लागला. तोंडावर धरलेल्या तळव्यात पाणी आलं. बर्फासारखं गार, मातकट.