त्रेचाळीस पावलं

कुलूप आणलंस? ठेव तिथं खिडकीत. लावायचं का नाही ते नंतर बघू. आधी बस. तुम्ही पण बसा रे, फरशीवरच बसा. लाइट गेलीय, अंधारात कॅरम काय डोंबल खेळणार?

कॅरमचा एक बोर्ड चोरीला गेला म्हणून दाराला कुलूप पाहिजे. बरोबर आहे तुमचं. पण आपल्या करमणूक केंद्राला गेली चार वर्षं कुलूप का नाही, हे तुमच्यातल्या एकानं तरी कधी विचारलं? नाही. तुम्हाला सगळं आयतं पाहिजे.

ही निवृत्तीची गोष्ट. सातपूरला कंपनीत क्लार्क होता तो आपला निवृत्ती. त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि तो काही थापा मारणारा माणूस नव्हे.

बाहत्तर साली इथं काही नव्हतं. गंगापूर रोडपर्यंत द्राक्षाचे मळे आणि मध्ये आपली वस्ती. त्या वर्षी सावळीराम गवंड्यानं एकट्यानं दगड वेचून कबड्डीचं मैदान केलं. परांचीवरून पडून त्याचा डावा पाय अधू झालेला. दर शनिवारी रात्री, रविवारच्या खेळासाठी, तो चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. टेप नव्हता, म्हणून पावलाला पाऊल लावून मोजायचा, मोठ्यानं. लांबी त्रेचाळीस पावलं. अधू पाय ओढायचा, त्यामुळं रेघ हमखास डावीकडं झुकायची. बाहेरच्या टीम भांडायला उठायच्या. हा म्हणायचा, "आमचं मैदान असंच हाय. खेळायचं तर खेळा."

पाऊस लागला की पोरं घरी बसायची. त्याला एकच ध्यास, पोरांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे. सहा वर्षं आम्ही अर्ज केले. साहेब रजेवर. साहेब मीटिंगला. फाइल वर गेली, फाइल खाली आली. चपला झिजल्या नुसत्या. शेवटी एक्याऐंशी साली हा हॉल झाला, तोही निम्म्या मैदानावर. लांबी तीस फूट. विटा सावळीरामनंच रचल्या, मजुरी घेतली नाही.

आणि झाला तसा आमच्या अध्यक्षांनी, मोतीरामनं, कुलूप घातलं. हॉल लग्नाला द्यायचा, बारशाला द्यायचा. पोरं आत घेतली तर फरशी खराब होते म्हणे. चावी निवृत्तीकडं. सावळीराम रोज संध्याकाळी त्याच्या दारात उभा.

"निवृत्ती, चावी दे बाबा. पोरं थांबलीत."

निवृत्ती म्हणायचा, "उद्या."

दोन वर्षं. रोज. कमिटीत आम्ही पाच जण होतो, एकानं तोंड उघडलं नाही. मी पण नाही. अजून चीड येते माझी मला. त्र्याऐंशीच्या डिसेंबरात सावळीराम गेला. या छपराखाली एकदा तरी पोरं खेळताना बघायची होती त्याला. तेवढंसुद्धा झालं नाही.

आता ऐका. अकरा फेब्रुवारी चौऱ्याऐंशी. शनिवार. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये लग्न. आचाऱ्याची भांडी पिंपळगावहून टेम्पोनं संध्याकाळी यायची, ती आली रात्री पावणेबाराला. निवृत्ती झोपेतून उठून आला. भांडी आत ठेवून घेतली, टेम्पोवाल्याला चार शब्द सुनावले, टेम्पो गेला. यानं दाराला कुलूप घातलं आणि घराकडं वळला.

आतून आवाज आला.

टेम्पोचा क्लीनर आत राहिला असं वाटलं त्याला. "कोण हाय रे?" कुलूप काढलं. दार ढकललं. बॅटरी मारली.

पातेली. सतरंज्या. माणूस नाही.

पण आवाज होता. एक पाऊल टेकायचं... एक पाऊल घासत यायचं. आणि कुणीतरी मोजत होतं.

"अकरा... बारा... तेरा..."

निवृत्तीनं बॅटरी फिरवली. आवाज त्याच्या समोरून गेला. तिथं कुणी नव्हतं.

"अठ्ठावीस... एकोणतीस... तीस..."

समोर भिंत. हॉल संपला.

"एकतीस..."

आवाज भिंतीपलीकडून. बाहेरून. मैदानावरून.

"बेचाळीस... त्रेचाळीस."

मग काही नाही. लांब कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

मग पावलं परत फिरली. आता मोजणं नव्हतं. भिंतीतून आत आली. पातेल्यांमधून आली. एक टेकायचं... एक घासायचं... अगदी समोर येऊन थांबली. हातभर अंतरावर. ओल्या चुन्याचा वास आला त्याला.



निवृत्तीला कळलं काय मागतोय ते. चावी त्याच्या हातातच होती. नुसती पुढं करायची होती रे. पण दोन वर्षांची सवय. जिभेला दुसरं काही येईच ना. तोंडून निघालं...

"उद्या."

कुणीतरी सुस्कारा सोडला, म्हणाला. दमलेल्या माणसासारखा. बस. तो पळत घरी आला. हॉल उघडाच राहिला.

सकाळी आत काही नव्हतं. लग्न झालं, जेवणं झाली. रविवारी रात्री निवृत्तीनं हॉलला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. चावी उशाखाली घेतली, घराला आतून कडी घातली आणि झोपला. म्हणजे पडून राहिला.

सोमवारी पहाटे साडेपाचला तो माझ्या दारात. चावी उशाखाली नव्हती. आम्ही दोघं इथं आलो. दार सताड उघडं. कुलूप कडीला लटकलेलं, चावी त्यातच. आणि फरशीवर...

निवृत्ती तिथंच खाली बसला. "नाना, त्याला रोज हो म्हणता आलं असतं मला," एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी काय समजूत घालणार, मी तरी कोणता शहाणा होतो? मोतीरामला बोलावून दाखवलं. त्या संध्याकाळपासून पोरं आत खेळायला लागली. ते कुलूप पुन्हा कुणी लावलं नाही.

फरशी धुतली आम्ही. सोड्यानं धुतली, ॲसिडनं धुतली. वाळली की परत तेच. शेवटी धुणं सोडलं. एरवी वर सतरंजी असते, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

पुंजा, आज सतरंजी कुणी उचलली? तूच ना? मग बॅटरी लाव. खाली धर. तू बसलायस तिथंच.

दिसली रेघ? आता भिंतीपर्यंत ने. सावकाश.

बघ कुठं झुकते.