अँडी सोबोटाचं कार्ड

“ऑगी, आत्ताच्या आत्ता ये!” फोनवर थेक्ला सोबोटा ओरडत होती. “चोर घरातच निघाला. दुपारच्या बसने हाकलतेय त्याला.”

ऑगी म्लिनारने शर्टाची बटणं रस्त्यात लावली. बेसबॉलचा अंपायर म्हणून उभं आयुष्य गेलेलं. आता निवृत्त झाला तरी पेनसिल्वेनियातलं हे खाणगाव आपले तंटे त्याच्याच दारात आणायचं. चोर घरातच, म्हणजे रूडी. थेक्लाच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. सोबोटांच्या घरात ही मावशी आणि हा भाचा, एवढेच उरलेले.

चोरीला गेलं होतं एक कार्ड. तळहातापेक्षा लहान, बेसबॉलपटूचं चित्र असलेलं, एकेकाळी च्युइंगमच्या पाकिटात फुकट मिळणारं; आता संग्राहक त्याला पैसे मोजायचे. त्यावर थेक्लाचा भाऊ अँडी. डावखुरा गोलंदाज, मोठ्या लीगमध्ये जेमतेम एक हंगाम खेळला आणि चव्वेचाळीस साली जर्मनीच्या जंगलात मारला गेला. प्रेतसुद्धा घरी आलं नाही. लढाईवर निघताना त्याने थट्टेने स्वतःचंच कार्ड खळ लावून स्वयंपाकघरातल्या कपाटावर डकवलं होतं. आईने पुढे ते अलगद सोडवलं. चित्राच्या कोपऱ्यावर वाळलेल्या खळीचा डाग तेवढा राहिला. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी थेक्ला ते मेणबत्तीशेजारी मांडायची. कालही मांडलं. दफनभूमीतून लोक आले, कॉफी प्याले, अक्रोडाचा रोल खाल्ला, गेले. संध्याकाळी बघते तर मेणबत्ती जागेवर आणि कार्ड गायब.

स्वयंपाकघरात थेक्ला भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारीण ओल्गा आधीच लख्ख असलेला ओटा पुन्हा घासत होती. दाराशी क्लेम हारगेट, गावाचा न्हावी, टोपी हातात फिरवत उभा. वर माडीवर रूडी कपाटाची दारं आपटत बॅग भरत होता.

“कुणाला सापडलं?” ऑगीने विचारलं.

“मला,” ओल्गा म्हणाली. “रूडीचं जॅकेट व्हरांड्यात लोंबत होतं. धुवायला घ्यावं म्हणून खिसे चाचपले, तर हे! मी मेली कशाला हात घातला!”

“सकाळी इथे कोण कोण आलं?”

“मी कपबशा घासायला, आणि हा क्लेम शोधायला मदत करायला. थेक्ला पोलिसांना बोलावते म्हणत होती ना, आमच्या तर तोंडचं पाणीच पळालं.”

“थेक्ला, तू बघितलंस कार्ड?”

“काय बघायचंय?” ती भिंतीशीच बोलली. “त्याच्या खिशात निघालं. हात लावायची इच्छा नाही मला.”

“वा! अंपायरने न बघता निकाल दिला तर लोक बाटल्या फेकतात, बाई.”

टेबलावरचं कार्ड ऑगीने उचलून खिडकीशी नेलं. अँडी तस्साच हसत होता. कार्ड सपाट, कडा चारी बाजूंनी पांढऱ्याशुभ्र. ऑगीने ते उलटंसुलटं केलं. मग माडीकडे तोंड करून हाक मारली, “रूडी! खाली ये. काल संध्याकाळी कुठे होतास?”

रूडी बॅग घेऊनच उतरला. “ओल्गाकाकूंचं गटार उपसत होतो. मग आईच्या थडग्यावरच्या कुंड्या उचलायला गेलो. ऑगीकाका, मला ते कार्ड विकायचं असतं तर मावशीला सरळ विचारलं असतं. तिने थोबाडीत दिली असती, एवढंच.”

“क्लेम, तुझ्याकडे युद्धात मेलेल्या खेळाडूंची कार्डं आहेत ना? सगळी?”

“अँडी सोडून.” क्लेमच्या हातातली टोपी फिरायची थांबली. “लपवायचंय काय त्यात? वर्षानुवर्षं मागतोय मी हिच्याकडे.”

ऑगी येरझाऱ्या घालू लागला. मग मोठ्यांदा उसासा सोडून म्हणाला, “वाट लावली रे कार्डाची! कुण्या गाढवाने साबण चोळलाय. चित्राचा वरचा थर गेला.”

“साबण?” क्लेम उसळला. “साबण कोण लावेल! साधं कोमट पाणी, मग टीपकागदात घालून रात्रभर वजनाखाली... एक कण निघालेला नाही चित्राचा!”

बोलून झालं आणि त्याची पाचावर धारण बसली. ओल्गाच्या हातातलं फडकं थांबलं.

“थर शाबूत आहे,” ऑगी हळूच म्हणाला. “खोटं बोललो मी. पण डाग गेलाय. रूडीला खळीचा डाग काढायचं सुचलंच नसतं. ओल्गाने काढला असता, पण घासून, आणि कार्डाची सालं निघाली असती. हे काम हाडाच्या संग्राहकाचं. काल उचललंस, रात्री निगुतीने साफ केलंस, सकाळी पोलिसांचं नाव ऐकून घाबरलास आणि या पोराच्या खिशात कोंबलंस. मळकं तसंच टाकलं असतंस तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तुला राहवलं नाही.”

“ती मेणबत्तीचा धूर लावत होती त्याला,” क्लेम रडकुंडीला आला. “मी त्याला बाकीच्या पोरांमध्ये ठेवणार होतो. काचेत. आणि थेक्ला, डागसुद्धा काढला बघ. घाण होती नुसती.”

थेक्ला वळली. “काय काढलंस?”

तिने कार्ड घेतलं. अंगठा कोपऱ्यावर नेला, पुन्हा नेला. मग तिथेच ठेवून दिला.

“तो त्याचा अंगठा होता रे,” ती म्हणाली. “खळीच्या हाताने कोपरा दाबला होता अँडीने. रेघा दिसायच्या. रोज रात्री मी माझं बोट ठेवायचे त्याच्यावर. कुणाला सांगितलं नाही, हसाल म्हणून. त्याचं दुसरं काही आलंच नाही आमच्याकडे.”

ओल्गाने तोंडाला पदर लावावा तसं फडकं लावलं.

थेक्लाने कार्ड क्लेमपुढे सरकवलं. “घेऊन जा. तुला कार्डच हवं होतं ना? आता ते कार्डच आहे.”

क्लेमचा हात काही पुढे होईना. तो टोपी विसरून बाहेर पडला.

रूडी अजून बॅग धरूनच उभा होता. “तू कार्डाकडे एकदा बघितलं असतंस, मावशी, तर तुला तेव्हाच कळलं असतं,” तो म्हणाला. “माझ्याकडेही बघितलं नाहीस.”

“नाही बघितलं. चुकले मी, रूडी.” ती उठली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. “आता बघतेय.”

रूडीने एकदा दाराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग त्याने बॅग खाली ठेवली.