पायाभूत शून्य

“मानवाच्या इतिहासातलं बोटांचं युग आज संपलं!” अशी घोषणा निरंजन धुरी याने कुडाळच्या नाट्यगृहात केली. ती पहिल्या रांगेपलीकडे कोणाला ऐकू गेली नाही, कारण माइकचं बटण दाबायचं राहिलं होतं. एका कार्यकर्त्याने धावत येऊन ते बोटाने दाबलं आणि युग पुन्हा एकदा संपवण्यात आलं.

पहिल्या रांगेत यमुनाबाई केळुसकर बसल्या होत्या. बाई जन्मांध. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी पेटी शिकवली. निरंजन त्यांतलाच, तिन्ही सप्तकांत बेसूर, पण यंत्रांत हुशार. गाणी ऐकायचं, खिशात मावणारं यंत्र त्याने बनवलं, तेही बाईंच्या स्वयंपाकघरात बसून. नाव ठेवलं ‘कानोबा’. पुठ्ठ्यावर धान्याचे दाणे चिकटवून तो विचारायचा, “बाई, कुठला पटकन सापडतो?” त्यातून बटणांचे आकार ठरले. हरभरा दाबला की गाणं सुरू, मसूर दाबली की बंद, आणि तांदूळ दाबला की एक ओळ मागे. कुठलं गाणं लागलंय ते यंत्र बोलून सांगायचं. पुढे राज्यभरातले अंध लोक एकमेकांना “अरे, तांदूळ दाब ना” असं बिनधास्त सांगू लागले आणि डोळस लोक गोंधळू लागले.

बाईंचा जीव त्या तांदळात होता. त्यांचे गुरू बापू गवस गेले, तेव्हा त्यांच्या बंदिशी फक्त ध्वनिमुद्रणात उरल्या. बापूंची एक ओळ ऐकायची, पेटीवर बसवायची, चुकली की तांदूळ दाबायचा. शेवटची बंदिश अशी अंतऱ्याच्या मध्यावर आली होती, तोच सकाळी कानोबा म्हणाला, “बटणांची सेवा आजपासून बंद होत आहे. नवा कानोबा समारंभात मिळेल.” म्हणून बाई आल्या होत्या.

निरंजनने त्यांना मंचावर नेलं, “आमचं प्रेरणास्थान!” म्हणून ओळख करून दिली आणि नवा कानोबा हातात ठेवला. टाळ्या पडल्या. बाईंनी तो सगळीकडून चाचपला. वापरून झिजलेली साबणाची वडी असावी, तसा लागला.

“तांदूळ कुठे गेला रे?”

“आता तांदूळ नाही, बाई. नजरचालन! आत एक भिंग आहे, ते डोळे वाचतं. हव्या त्या गाण्याच्या नावाकडे फक्त बघायचं.”

“कोणी?”

सभागृहात कोणीतरी खोकलं.

“तुमच्यासाठी वेगळी सोय आहे ना,” निरंजन घाईने म्हणाला. “‘डोळस सोबती’! घरातलं एक दिसणारं माणूस नोंदवायचं. ते तुमच्या वतीने बघेल.”

“म्हणजे बापूंची ओळ मागे न्यायला मी सुनेला भाकऱ्या थापताना हाका मारू? ती म्हणेल, आई, आत्ताच ऐकलीत की!”

लोक हसले. हा कार्यक्रमाचाच भाग असावा, असं त्यांना वाटलं.

“आणि दोन वर्षं मला तुझा तो तारा लावलेला चष्मा घालून बसवायचास, त्याचं काय झालं? शेजारीण विचारायची, बाई, नंबर किती? बटणं अजून सोपी करायचीत म्हणालास ना?”

निरंजनने माइक बाजूला धरला. “बाई, बघणारी नजर ओळखायची तर न बघणारे डोळे कसे हलतात, हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. दिसणारी माणसं काही केल्या बघायचं थांबवत नाहीत. म्हणून त्या चष्म्यातून तुमचे डोळे घेतले. सगळी मोजणी तिथून सुरू होते.”

“म्हणजे मी शून्य?”

“पायाभूत शून्य, बाई. फार मानाची जागा असते ती.”

बाईंनी यंत्र चेहऱ्यासमोर धरलं. भिंग बारीक आवाज करत उघडलं.

“समोर कोणी नाही,” कानोबा स्वच्छ मराठीत म्हणाला. “बंद होत आहे.”

बाईंनी ते पुन्हा धरलं. समोर पुन्हा कोणी नव्हतं.

“बिघाड नाही हा,” निरंजन पुटपुटला. “ते बरोबर शिकलंय.”

“हो ना. माझ्याकडे शिकलेल्यांत हेच एक पक्कं निघालं.”

बाईंनी पर्समधून जुना कानोबा काढला, तांदूळ दाबला. बटण आत गेलं, बाहेर आलं. बापू काही बोलले नाहीत.

“अंतरा संपेपर्यंत तरी चालू ठेव.”

“आता ते माझ्या हातात नाही, बाई. कंपनीचं धोरण आहे.”

“बापूंची गाणी त्यात मी तुझ्या भरवशावर ठेवली, निरंजन. ज्याला मी दिसतच नाही, त्याच्या स्वाधीन ती कशी केलीस रे?”

निरंजनने माइकचं बटण चाचपलं आणि बोटाने दाबून बंद केलं.

“बरं, राहू दे,” बाई म्हणाल्या. “बाहेर एखादी रिक्षा मिळते का, तेवढं बघ.”