दिवस मावळायच्या आत

"ती खिडकी... जरा लावता का?"

जूनची दुपार, पावसाचा पत्ता नाही, धुळे-जळगाव एसटी खच्चून भरलेली, आणि शेजारचा माणूस मला खिडकी लावायला सांगतोय! मी गर्रकन मान वळवली. चष्मा, घामाने कपाळाला चिकटलेले केस आणि मांडीवर काळ्या कागदात गुंडाळलेलं एक पुडकं. ते त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"अजिबात नाही. मी उकडून मरेन."

"तुम्ही नाही मरणार हो. पण उजेड लागला तर हे... जिवंत होतील."

मी सरकून बसायला गेले, पण सरकायला जागा होती कुठे! तेवढ्यात पारोळ्याच्या गतिरोधकावर गाडी उसळली आणि काळा कागद टर्रकन फाटला. आत काचेच्या चपट्या गोल प्लेट्स. त्याचा चेहरा असा काही उतरला, की माझा राग कुठच्या कुठे पळाला. मी ओढणी काढून त्याच्या हातात दिली. हळदी रंगाची, नवी कोरी.

"चार घड्या घाला. आणि आता सांगा काय आहे ते, नाहीतर कंडक्टरला बोलावते."

जिवाणू होते. याच्या जळगावच्या लॅबमधला यूव्हीचा दिवा गेला, म्हणून हा धुळ्याच्या मित्राकडे जाऊन त्यांना किरण देऊन आणत होता. यूव्हीने त्यांच्या डीएनएमधले शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटून बसतात, मग पुढचं सगळं अडतं आणि जिवाणू मरतो, असं त्याने सांगितलं.

"पण त्यांच्याकडे एक एन्झाइम असतं. ते त्या चिकटलेल्या जागेवर जाऊन बसतं आणि वाट बघतं. साधा उजेड पडला, की सोडवून टाकतं."

"आणि उजेड पडलाच नाही तर?"

"तर बिघडलेला तुकडा कापून काढायचा, समोरच्या धाग्याकडे बघून नवा भरायचा. ते अंधारातही जमतं. पण हळू... आणि सगळ्यांना नाही जमत."

"म्हणजे रफू!" मी साड्यांच्या दुकानदाराची मुलगी, पटकन बोलून गेले.

तो हसला. हसताना चष्म्यामागचे डोळे बारीक होत होते... आणि मला तीन तास उकडलेलं आठवतच नाही.

"आणि तुम्ही मुद्दाम अंधारात ठेवता त्यांना? दुष्टच आहात हो."

"अंधारात किती जण सावरतात, तेच तर मोजायचंय," तो ओढणी नीट खोचत म्हणाला. जळगावला उतरला तो ओढणीसकट.

पुढच्या महिन्यात मी एमएस्सीला जळगावच्या विद्यापीठात गेले, तर लॅबच्या दारात हाच! ज्ञानेश्वर, अमळनेरजवळच्या खेड्यातला, तिथे पीएचडी करत होता. ओढणी त्याने धुऊन, इस्त्री करून, काळ्या कागदात गुंडाळून परत दिली. मी फटकन म्हटलं, "ही काय, उजेडात जिवंत होते का?" तर कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या वर्षी माझं प्रोजेक्ट त्याच्याच हाताखाली. आता माझी पंचाईत अशी, की आमच्या घरी दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालत नाहीत. हॉस्टेलवर येताना दादीसाला, म्हणजे माझ्या आजीला, मी शब्द दिला होता. आधीच तिचा माझ्या शिक्षणावर राग. पाणी गाळून, उकळून पिणारं आमचं जैन घर, आणि नात रोज लाखांनी जीव मारते! फोनवर पहिला प्रश्न तोच, "चेलना, आज किती मारलेस ग?"

लॅबमध्ये नेमका संध्याकाळी कामाला जोर यायचा. मग ज्ञानेश्वर खिडकीकडे बघून ओरडायचा, "बाईसाहेब, सूर्य चालला! पळा!"

"पण प्लेट्स गुंडाळायच्यात..."

"मी शे ना."

मी आहे ना, एवढंच म्हणायचा, आपल्या अहिराणीत. मी डबा घेऊन जिन्यात पळायची आणि तो माझ्या प्लेट्सना काळा कागद लावायचा. काही दिवसांनी तोही डबा घेऊन जिन्यात येऊ लागला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा. मी कांद्याकडे नुसतं पाहिलं हो, बोलले काहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून कांदा गायब! खानदेशातल्या माणसाने भाकरीसोबतचा कांदा सोडायचा म्हणजे काय, ते खानदेशातल्या माणसालाच विचारा. मी त्या दिवशीच समजले. आणि समजूनही गप्प राहिले.

कारण मला पप्पा माहीत होते. शांतीलालजींची मुलगी आपल्या समाजातच जाणार, हे आमच्या घरात कुणी बोलतही नसे, इतकं ते ठरलेलं होतं. त्यामुळे आमचं सगळं जिन्यात. फोन आला की मी कपाटाआड. धुळ्याला घरी गेले, की तो दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेत उभा राहायचा आणि मी साड्यांच्या घड्या घालत चोरून बघायची. त्याच्या कपातला चहा संपू नये असं वाटायचं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी, मी यूव्हीखालच्या प्लेट्स काढून पश्चिमेच्या खिडकीशी ठेवल्या आणि तो दारातूनच म्हणाला,

"बंगळूरला नोकरी लागली. पुढच्या आठवड्यात..."

"अरे वा!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"घरी सांग ना, चेलना. मी येतो, आईबापाला घेऊन येतो. पण आधी तू सांग."

"थांब जरा. योग्य वेळ आली की..."

"वर्षभर तेच म्हणतेस तू." तो वळला आणि गेला.

बाहेर सूर्य टेकलेला. मी डबा उचलून जिन्यात पळाले आणि एक घास न गिळता तिथेच रडत बसले. प्लेट्स गुंडाळायच्या आहेत हे पार विसरून तशीच हॉस्टेलवर गेले. आजवर मी पळाले की तो गुंडाळायचा. त्या दिवशी तो नव्हता.

सकाळी पाहते तर प्लेट्स गच्च भरलेल्या! बोटावर मोजण्याइतक्या कॉलनी यायला हव्या होत्या, तिथे बोट ठेवायला जागा नाही. इतक्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी. ज्ञानेश्वर मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ओरडणार.

"मावळतीचा उजेड लागला ग यांना," तो हळूच म्हणाला. "तेवढ्यावर उठून बसले."

"प्रोजेक्ट गेलं माझं!"

"प्रोजेक्ट पुन्हा होईल. मी करून देईन जायच्या आधी." मग जरा थांबला. "आपल्याला तू कधी ठेवणार उजेडात?"

मी मान खाली घातली. "अंधारातही सावरतात ना काही जण... तूच सांगितलं होतंस."

"सावरतात. थोडे. बाकीचे किती जातात, तेही आपणच मोजलंय."

त्याने प्रोजेक्ट खरंच पूर्ण करून दिलं आणि तो गेला.

मग धुळे आणि मी. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली, उरलेला वेळ दुकानात. त्याचा फोन आला की मी मागच्या गोदामात, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये. कुजबुजत बोलायचं आणि पावलं वाजली की कट. आधी तो रागवायचा, भांडायचा. मला ते आवडायचं. पुढे रागवेनासा झाला. "बरं, ठेव," एवढंच म्हणायचा. फोन रोजचे आठवड्यावर आले. मी ओढणी उशाशी घेऊन झोपायची. रोज वाटायचं, आज सांगू. पप्पांचा चेहरा पाहिला की मी साड्यांच्या घड्या घालायला लागायची.

डिसेंबरात पारोळ्याचं स्थळ आलं. रविवारी बघायला येणार म्हणे. शुक्रवारी दुपारी मी दुकानात बसले होते, पप्पा गादीवर, आणि दादीसा दारातल्या उन्हात खुर्ची टाकून माळ जपत होती. जपता जपता मध्येच म्हणाली, "चेलना, ते तुझे जीव... सगळेच मेले का ग?"

"नाही दादीसा. एकदा उजेडात राहिले, तर वाचले."

"कुणी ठेवले उजेडात?"

"माझ्याकडून चुकून राहिले."

"चुकून का होईना, पुण्य केलंस," ती म्हणाली आणि पुन्हा जपायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. तोच. मी सवयीने उठले, गोदामाच्या पडद्यापर्यंत गेले... आणि आतला तो अंधार पाहून पायच पुढे जाईनात. रविवारनंतर हा फोन वाजणार नाही, हे मला तेव्हा लख्ख कळलं. मी परत फिरले, दादीसाच्या खुर्चीशेजारी, भर उन्हात येऊन उभी राहिले.

"हॅलो, ज्ञानेश्वर," मी मोठ्याने म्हटलं.

"अग... गोदामात नाहीस का? मी अमळनेरला आलोय सुट्टीवर. म्हटलं, टपरीवर येऊन एक चहा..."

"कोण ग?" पप्पांनी विचारलं.

मी फोन छातीशी धरला, बंद केला नाही.

"पप्पा, ज्ञानेश्वर. अमळनेरकडचा, शेतकऱ्यांचा मुलगा. माझ्यासोबत लॅबमध्ये होता. माझं प्रेम आहे त्याच्यावर. रविवारच्या लोकांना येऊ देऊ नका."

पप्पांच्या हातात एक अर्धवट उलगडलेली साडी होती. तिची त्यांनी घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता उठून आत जातील. पण गेले नाहीत.

"आपल्यातला नाही," शेवटी म्हणाले.

"नाही. पण माझ्यासाठी त्याने कांदा सोडलाय, पप्पा." आणि एवढं बोलून मी मूर्खासारखी रडायलाच लागले.

दादीसाची माळ थांबली. तिने पप्पांकडे पाहिलं, पप्पांनी साडीकडे पाहिलं. मग ती माझ्या हातातल्या फोनकडे हनुवटी करून म्हणाली,

"त्याला म्हणावं, असा रस्त्यापलीकडे उभा राहू नकोस. कितीदा बघितलंय मी, चहा पिऊन पिऊन पित्त होईल पोराला. यायचं तर घरी ये म्हणावं. जेवायला. दिवस मावळायच्या आत."

पप्पांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं.

मी फोन कानाला लावला.

"ऐकलंस?"

"बठ्ठं ऐकं... सगळं," त्याचा आवाज भरून आला होता. "चेलना... आज सूर्य कधी मावळतो ग?"

"सहाच्या आत. आताच निघ, ज्ञाना. थंडीत फार लवकर मावळतो तो."