अठरा बंद घरं

तुमची पहिली भेट कुठे झाली, असं कोणी विचारलं की माझी मान आजही खाली जाते. भेट कूलरसमोर झाली. त्यात लाजण्यासारखं काही नाही, लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

एप्रिल तापला होता. पिंप्राळ्याहून एसटीने मी रोज त्या तालुक्याच्या गावी जायचे. आधी घरकुलं बांधायची की नाल्याकाठी झाडं लावायची, हे तिथल्या पालिकेला ठरवायचं होतं. त्यासाठी घरोघरी फॉर्म भरायचं कंत्राटी काम माझ्याकडे होतं. नाल्याअलीकडची घरं झाली, पलीकडची अठरा उरली, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"ओ मॅडम... पडाल!"

कूलर दुरुस्तीच्या दुकानातून प्रशील धावत आला. हात ओले, शर्टाला वाळ्याच्या काड्या. त्याने मला स्टुलावर बसवलं आणि नव्या जाळ्या लावलेला कूलर सुरू केला. वाळ्याचा तो ओला, गार वास... मी डोळेच मिटले.

"वारा फुकट आहे का?"

"ट्रायल आहे. तुम्ही हसलात की कूलर पास!"

हसले ना मी! शहाणी असते तर उठले असते.

"अजून पलीकडे जायचंय..."

त्याने नाल्याकडे पाहिलं आणि लगेच नजर जाळीकडे वळवली. "तिकडे — या वेळी कोणी नसतं. सगळे कामावर."

मला तेवढंच हवं होतं. घर बंद दिसलं तर तीनदा जायचा नियम होता. मी एकदाही न जाता, तिथेच बसून, अठरा फॉर्मांवर 'घर बंद' लिहिलं.

"अक्षर फार सुंदर आहे तुमचं," तो हळूच म्हणाला. मी अशी खुलले की विचारू नका.

पुढचे तीन आठवडे परतीच्या एसटीआधी मी त्या कूलरपुढे रेंगाळत होते. मग पालिकेची सभा भरली आणि यादी वाचली गेली. बंद घरं रिकामी धरली होती. नाल्यापलीकडची जागा झाडांना, आणि घरकुलाच्या यादीत तिथलं एकही नाव नाही.

नागरिकांमधून एक म्हातारी उठली. "घर बंद? बठ्ठा दिन मी दारमाच बसेल ऱ्हास! कोन वनतं इचाराले?" म्हणजे ती दिवसभर दारातच बसून असते आणि विचारायला कोणी आलंच नव्हतं.

"आई, थांब..." तिचा हात धरून उभा होता प्रशील. त्याने माझ्याकडे पाहिलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

"सर्व्हे कोणी केला?" अध्यक्षांनी विचारलं.

गप्प राहिले असते तर काम टिकलं असतं. पण ती म्हातारी अजून उभीच होती.

"मी केला, साहेब. मी तिकडे गेलेच नाही. अलीकडे बसून लिहिलं."

यादी थांबली. आठ दिवसांत सर्व्हे पुन्हा करायचा, त्यानंतर मात्र कामावर यायचं नाही, असं मला सगळ्यांसमोर सांगितलं गेलं.

प्रशील पायऱ्यांवर थांबला होता.

"तुम्ही तिथे राहता... सांगितलं का नाही?"

"पत्र्याचं घर, नाल्याची घाण. वाळ्याच्या वासाने तुम्ही डोळे मिटले होते... मला लाज वाटली हो. तुम्ही लिहीत होतात, तेव्हा तरी बोलायला हवं होतं."

"अक्षर माझं होतं," मी म्हटलं. दोघांनाही वर बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अठरावं घर त्याचं निघालं. त्याच्या आईने, बेबाबाईंनी, पाणी दिलं. "बस माय. आते नीट लिख."

"कुटुंबात माणसं किती?"

"सध्या... दोन," प्रशील म्हणाला.

"'सध्या'ला रकाना नाही."

"मग पेन्सिलने लिहा ना..."

या वेळी काहीच खोटं लिहायचं नव्हतं. मी पेनाने ठळक 'दोन' लिहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"बंद लिहिलेल्या घरी तीनदा यायचा नियम आहे," मी फॉर्मकडे बघतच म्हणाले. "माझ्या दोन खेपा बाकी आहेत."

"पण तुमचं काम तर आठ दिवसांत संपतंय..."

"म्हणूनच. त्या दोन खेपांना मी फॉर्म आणणार नाही."